कोमट दुधातून

फोन वाजला तेव्हा अनुया टोरंटोजवळच्या मिल्टन स्टेशनच्या फलाटावर उभी होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. ते मोकळेपण तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. एरवी सकाळच्या या वेळी हातात काही ना काही असायचंच. बॅगेचा पट्टा, कार-सीटचं घट्ट बसलेलं बक्कल, उमाच्या जॅकेटची अडकलेली झिप. त्या दिवशी मात्र ती हातमोजे चढवून, खांदे सैल सोडून, रुळांवरचा बर्फ बघत चक्क मजेत उभी होती. उणे चौदा होतं. फोनवर ब्लांचआंटी होत्या. "काय गो बाय, आज उमा येत नाय काय? मी दरवाजाशी उभी हाय कधीची, घराची सगळी हीट बाहेर चालली माझी." ब्लांच मूळची वसईची. नवरा गेल्यापासून ती घरातच डेकेअर चालवायची, पाच मुलं सांभाळायची, आणि सव्वासातला येणारं मूल सात-वीसपर्यंत आलं नाही की फोन करायची. तशी तिची पद्धतच होती. "येतेच आंटी, जरा उशीर झाला," अनुया म्हणाली. आवाज तिचाच होता आणि बऱ्यापैकी शांत होता. मग ती धावली.

पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर उमा झोपलेली होती. एक हातमोजा खाली पडला होता, तोंड अर्धवट उघडं होतं, गालावर लाळ सुकली होती. गाडी अजून ऊबदार होती. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. गाडी बंद केली तेव्हा सात सोळा झाले होते आणि ब्लांचचा फोन सात वीसचा. चार मिनिटं. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो. अनुयाने स्वतःला हे दिवसभर ऐकवलं, आणि दिवसभर तिच्यातलंच कुणीतरी उलट बोलत राहिलं, की फोन आला नसता तर तू सात-सव्वीसची ट्रेन पकडली असतीस, खिडकीजवळ बसली असतीस, डोळे मिटले असतेस, आणि संध्याकाळी साडेपाचला परत येऊन दार उघडलं असतंस. याच्यापुढे ती जाऊ शकत नव्हती. गाडीच्या दाराच्या हँडलवर हात ठेवेपर्यंत जायची आणि तिथून मागे फिरायची. त्या सकाळी ब्लांचने उमाला घेतलं, तिची उघडी बोटं आपल्या मानेला लावून बघितली आणि अनुयाकडे एकदाच वर पाहिलं. "नांगर आडवा आला रस्त्यात," अनुया म्हणाली, "बर्फाचा." तेही खरंच होतं. ब्लांचच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा बर्फ हटवणारा नांगर आडवा उभा होता, म्हणून अनुया पुढच्या रस्त्याने गेली, वळसा घालून मागून येईन असं मनाशी म्हणाली, आणि मग पुढच्या वळणावर हातांनी स्टेशनचा रस्ता धरला. हातांनी. ती स्वतः तेव्हा कुठे होती?

ती टोरंटोत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी काय विसरलंय ते शोधणं हाच तिचा धंदा. दोष सापडला की तो पुन्हा घडवून दाखवावा लागतो, पायरी एक, पायरी दोन, अशी यादी करून. त्या मंगळवारी ऑफिसात बसून तिने मनातल्या मनात तशी यादी केली. मुलीच्या दाढा येतायत, आई दोनदा उठलीय. नवरा कामासाठी विंडसरला गेलाय. मूल गाडीत बसताच झोपलंय, आवाज नाही. रस्ता बदललाय. यादी अगदी चोख होती. पण ज्या यंत्रात दोष आहे तेच यंत्र तपासायला बसलं तर त्या तपासणीवर भरवसा कुणी ठेवायचा? बारा वाजता विंडसरहून परीक्षितचा फोन आला, त्याचं जेवण चाललं होतं, मागे काटे-चमच्यांचा आवाज. "सगळं ठीक ना?" "ऑल गुड," ती म्हणाली. हे दोन शब्द इतके सहज आले की तिला स्वतःचीच भीती वाटली. शाळेत असताना ती एकदा ऐकलेलं विसरत नसे. कविता, पाढे, शेजाऱ्यांचे फोन नंबर. पाहुणे आले की बाबा तिला पुढे करायचे, अनु, सांग गं, मागच्या दिवाळीत काकू कुठल्या रंगाची साडी नेसली होती? आणि ती सांगायची. अशी मुलगी. बत्तीस वर्षांची होऊन इथे येऊन काय विसरते, तर हे.

डॉक्टरकडे जायचं तिच्या मनात आलं होतं. पण ऑफिसातली जोआना कधीतरी बोलता बोलता म्हणाली होती, इथे डॉक्टरला मुलांबद्दल काही सांगितलंस तर तो वर कळवतो, मग सरकारी माणसं घरी येतात, फ्रिज उघडून बघतात. खरं-खोटं देव जाणे. अनुयाला तो उघडलेला फ्रिज डोळ्यांपुढे दिसायचा, आतली अर्धी कापलेली काकडी, वरणाचा डबा, आणि कुणीतरी ते लिहून घेतंय. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला तो सांगलीला, शोभामावशीला. मावशी वैद्य. पस्तीस वर्षं एका खोलीत दवाखाना चालवतेय, आणि फोनवर भाचीशीही तशीच बोलते, जणू समोरच्या बाकावर अजून आठजण बसलेत. "झोप?" "लागत नाही नीट." "भूक?" "आहे." "कोठा?" "अगं मावशी, मी ऑफिसात आहे." "मग ऑफिसात कोठा नसतो का? दूध पाजतेस अजून?" "नाही, सोडलं दिवाळीत." "स्वप्नं?" यावर अनुयाने विषय वळवला. "कामात लक्ष लागत नाही गं. धांदल होते. कशात जीव राहत नाही." "नेमकं काय झालं?" "काही नाही." "बरं," मावशी म्हणाली, आणि त्या एका 'बरं'मध्ये तिने बाकावरच्या आठहीजणांना बाहेर घालवलंय असं अनुयाला वाटलं. तरीही ती एवढंच म्हणाली, काहीतरी औषध सांग गं. "अश्वगंधा घे. पाव चमचा, सकाळ-संध्याकाळ, कोमट दुधातून. आणि हे बघ, चूर्ण म्हणजे जादू नव्हे. तिथल्या डॉक्टरला दाखव, थायरॉइड तपासून घे, आणि काय घेतेयस ते त्यालाही सांग." "दुधातूनच का? मधातून चालणार नाही?" "तुला दूध आवडत नाही ते मला ठाऊक आहे. दुधातूनच."

दुधाशी तिचं लहानपणापासून वाकडं. आयुष्यात एकदाच ती मुकाट्याने दूध प्यायली होती, उमाच्या वेळी, नऊ महिने, शतावरी घालून, आणि तेसुद्धा नागपूरहून येऊन राहिलेल्या सासूबाई समोर उभ्या राहायच्या म्हणून. आता मिसिसागाच्या इंडियन ग्रोसरीतून तिने चूर्णाची डबी आणली. झाकण उघडलं आणि वास आला. नाव त्या वनस्पतीला उगीच दिलेलं नाही. ओल्या गवताचा, घामाचा, चामड्याचा वास, पागेचा, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती माथेरानला पोचली. सहा वर्षांची. लाल मातीने माखलेले बूट, खालीवर होणारी घोड्याची पाठ, आणि घोडेवाला कुणाशी तरी बोलायला म्हणून लगाम सोडून मागे राहिलाय. घोडा काही उधळला नव्हता. तो आपला त्याच्या नेहमीच्या वाटेने चालत होता. पण आईने ते पाहिलं आणि चपला हातात घेऊन ती धावत सुटली, साडी पोटरीपर्यंत वर, अंबाडा सुटलेला, आणि घोड्याच्या बरोबरीने येऊन तिने अनुयाचा पाय धरला. हात नाही, पाय. घोट्याला. आणि तसाच धरून ती तळ्यापर्यंत चालत राहिली. आईचं लक्ष म्हणजे घोट्याला बसलेली ती पकड असं अनुयाला नेहमी वाटत आलं होतं. ती पकड मला वारशात मिळालीच नाही की काय? दूध ती नाक दाबून प्यायली. तळाशी चूर्णाचा गाळ राहिला, तो बोटाने काढून चाटला. कडू, मग तुरट, मग बराच वेळ नुसती माती.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती एकदा सलग सहा तास झोपली आणि जागी झाली ती घाबरून, इतकी झोप आपल्याला शोभते का म्हणून. ऑफिसात नव्या आवृत्तीचं एक किचकट रिलीज तिने चुकीशिवाय पार पाडलं. हे चूर्णाचं श्रेय की पाठोपाठ दोन दाढा वर येऊन उमा शांत झाल्याचं, सांगता येत नव्हतं. गाडीत ती आता डावा बूट काढून मागच्या सीटवर उमाच्या पायाशी ठेवायची आणि मोज्यावरच गाडी चालवायची. बूट घेतल्याशिवाय आपण उतरूच शकणार नाही, हे तिने शोधून काढलेलं. उमाला ही मोठी गंमत वाटायची. "मम्मा, शू!" ती ओरडायची, रोज, तितक्याच आश्चर्याने.

आणि याच सुमाराला घरातली माणसं बदलायला लागली. शनिवारी सकाळी स्काइपवर नागपूरशी बोलायचं, हे ठरलेलं. परीक्षित लॅपटॉप ओट्यावर ठेवायचा आणि अनुया कामं उरकता उरकता बोलायची. त्या शनिवारी ती पेला तोंडाला लावून दूध संपवत होती तेव्हा पडद्यावरच्या सासूबाई बोलता बोलता थबकल्या. "काय पितेस गं?" "दूध, आई." "दूध?" सुरेखाबाईंनी चष्मा नीट केला, पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचं नाकच तेवढं दिसायला लागलं. "वरून काही घातलंस नं त्यात?" "हो, थोडं चूर्ण." पुढचा प्रश्न येईल म्हणून अनुया अंग चोरून उभी राहिली, पण तो आला नाही. सुरेखाबाई मागे सरल्या, त्यांच्या चेहऱ्यावर कसलीतरी मऊ, समजूतदार छटा पसरली, आणि त्या म्हणाल्या, "बरं बरं. पी. मी काही विचारत नाही. जपून राहा म्हणजे झालं." काही विचारत नाही! हीच बाई, जी भाजीत गूळ किती घातला तेही दोनदा विचारते. यांना कळलंय. कसं कळलं असेल? ब्लांचने परीक्षितला सांगितलं असणार, त्याने आईला. त्या दिवसापासून सासूबाई बुधवारी वेगळा फोन करू लागल्या. जेवलीस का, वेळेवर झोप, बर्फात भरभर चालू नको बापा. त्यांच्या प्रत्येक वाक्यातल्या मायेने अनुया आणखी आत आत आक्रसत गेली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान रडता तरी येतं. ही माया म्हणजे वेड्याच्या हातून हळूच चाकू काढून घ्यावा तशी होती.

परीक्षितचंही तेच. ग्रोसरीच्या पिशव्या तो तिच्या हातून काढून घेऊ लागला. बेसमेंटमधून कपड्यांची बास्केट तिने वर आणायची नाही. भांडी त्याने लावायची. एका संध्याकाळी तो टीव्ही बघता बघता, अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "सोमवारपासून उमाला मीच सोडत जातो. बॉसशी बोललोय. तुझी सकाळची धावपळ तरी वाचेल." अनुया हातातल्या टॉवेलची घडी करत होती. तिने तो उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. निकाल असा लागतो तर. आरडाओरडा नाही, आरोप नाही, टीव्हीवर हॉकी चालू असताना. "बरं," ती म्हणाली. आणि पुढचा आठवडाभर ती एकटी गाडी चालवत स्टेशनला गेली, पायात दोन्ही बूट घालून. शुक्रवारी संध्याकाळी उमाला आणायला गेली तेव्हा ब्लांच गुडघ्यावर बसून उमाला जॅकेट चढवत होती. विचारावं का? आंटी, तुम्ही परीक्षितला काही बोललात? अनुयाने दोनदा तोंड उघडलं. ब्लांचने झिप वर ओढली, न बघता म्हणाली, "माझा कॉन्रॅड दोन वर्षांचा होता तवा मी त्याला विरारच्या बाजारात कोळणीच्या पाटीजवळ ठेवून घरी आले होते. म्हावरा घेऊन आले, पोरगा नाय. आज वकील झालाय. विचार त्याला, मला ऐकवतो अजून." आणि उठताना कमरेवर हात ठेवून, "तू जेवत जा गो नीट, काटकी झालीस." घरी येताना अनुया ते बोलणं आतल्या आत फिरवून बघत राहिली. म्हणजे आंटीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि ठाऊक असणाऱ्याने सांगितलंच असणार. दिलासा द्यायला आलेली गोष्ट तिने पुरावा म्हणून दाखल करून घेतली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, रात्रभर पडलेला बर्फ परीक्षित ड्राइव्हवेवरून फावड्याने शोव्हल करत होता. तो आत आला तेव्हा अनुया बेसमेंटच्या जिन्यावरून बास्केट घेऊन वर येत होती. "ठेव ती! ठेव खाली!" तो बुटांसकट आत धावला, बास्केट तिच्या हातून ओढून घेतली, आणि त्या ओढण्यात काहीतरी तुटलं.

"एवढाही भरवसा उरला नाही? ही कपड्यांची बास्केट आहे परीक्षित, उमा नाहीये त्यात."

"काय बोलतेयस?"

"ब्लांचआंटी बोलल्या ना तुझ्याशी? मग सांग तरी एकदा तोंडावर. तीन आठवडे मला पेशंटसारखं वागवतोयस, तू आणि आई. शिव्या घाल, पण बोल."

"शिव्या कशाला घालू?" बर्फाचं पाणी त्याच्या टोपीवरून कानात ओघळत होतं आणि तो खरोखर गोंधळला होता. "मी वाट बघत होतो तू स्वतःहून सांगशील म्हणून. आई म्हणाली विचारू नको, तिसरा पूर्ण झाल्याशिवाय बायका सांगत नसतात."

"तिसरा काय?"

"महिना."

मग तिला हसू फुटलं. दूध. शतावरी. पडद्यात घुसलेलं सासूबाईंचं नाक. बर्फात भरभर चालू नको. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ती हसत राहिली, तोही न कळता हसू लागला, बैठकीतून उमा काय झालं ते बघायला आली आणि तीही टाळ्या पिटायला लागली. आणि हसता हसता अनुयाला दिसलं की आता दार उघडं आहे. हा काहीच जाणत नाही. ती नुसतं 'नाही रे, साधं अश्वगंधेचं चूर्ण आहे, स्ट्रेससाठी' एवढं म्हणाली असती तरी सगळं मिटलं असतं, कायमचं. तिच्या तोंडात ते वाक्य तयारही झालं.

"मी उमाला गाडीत विसरले होते," ती म्हणाली. "स्टेशनच्या पार्किंगमध्ये. लॉक करून फलाटावर गेले होते."

तो हसत होता ते ओठ तसेच राहिले. "किती वेळ?"

"चार मिनिटं."

"कधी?"

"आठ फेब्रुवारी. तू विंडसरला होतास."

त्याने टोपी काढली. "मी त्या दिवशी फोन केला होता. जेवताना. तू म्हणालीस ऑल गुड."

"हो."

"चार मिनिटांचं जाऊ दे," तो टोपी हातात पिळत म्हणाला, "पण एक महिना, अनु?" आणि तो वळून बाहेर गेला. अनुया खिडकीतून बघत राहिली. आपला ड्राइव्हवे तर झालाच होता. त्याने शेजाऱ्यांचा शोव्हल केला, मग त्यांच्या पलीकडच्यांचा, ज्यांच्याशी ते उन्हाळ्यात एकदाच बोलले होते. उमा तिच्या मांडीवर बसून काचेवर बोट टेकवत होती, डॅडी, डॅडी. तो परत आला तेव्हा डोळे लाल होते, थंडीने असतील. त्याने उमाला उचललं, तिचे तळवे उलटेपालटे करून बघितले, जणू आठ तारखेची थंडी अजून तिथे सापडेल. "आईने डिंक आणून ठेवलाय," तो म्हणाला. "लाडवांसाठी. सगळ्या बिल्डिंगला कळलं असेल एव्हाना. तिला काय सांगायचं?"

"मी सांगते."

"सगळं नको सांगू. नुसतं, तसं काही नाही म्हण."

पण लॅपटॉप ओट्यावर आला आणि सुरेखाबाईंचा आनंदी, पुढे झुकलेला चेहरा दिसला, तेव्हा अनुयाने सगळंच सांगितलं. दिवस गेलेले नाहीत हे आधी. त्याने तो चेहरा थोडा खाली आला, हे तिला पडद्यावरही दिसलं आणि तिला वाईट वाटलं. मग गाडीचं. मग जोआनाने सांगितलेल्या डॉक्टरचं आणि उघडलेल्या फ्रिजचं, मग चूर्णाचं. नागपुरात संध्याकाळ होती, मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. स्काइप अडकलं की काय म्हणून परीक्षितने पडद्याला हात लावला. मग सुरेखाबाईंनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे औषध सकाळ-संध्याकाळ आहे नं?"

"हो, आई."

"आणि दूध कोण तापवतं?"

"मीच."

"मग कसा गुण येणार? औषध घेणाऱ्याने आपल्या हाताने दूध तापवायचं नसतं. घरातल्या दुसऱ्याने तापवून हातात द्यायचं असतं."

असलं काही शोभामावशी म्हणाली नव्हती. कुठल्याही ग्रंथात ते सापडलं नसतं. सुरेखाबाईंनाही बहुतेक अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत ते माहीत नव्हतं. "आई, मी तापवीन ना, पण," परीक्षित म्हणू लागला. "तू पण-बिण नको सांगू मला. गॅस पेटवता येतो नं?" "इथे कॉइलची शेगडी असते, आई." "मग ती पेटव."

आजचं सकाळचं दूध राहूनच गेलं होतं. परीक्षितने फ्रिज उघडला, दूध घेतलं, चुकीचं भांडं काढलं, ते ठेवून दुसरंही चुकीचंच काढलं. अनुया उठायला लागली तर पडद्यातून आवाज आला, "बैस तू." ती बसली. उमा तिच्या मांडीवर, पाय तिच्या पोटावर आपटत. परीक्षित शेगडीसमोर उभा राहिला, दोन्ही हात ओट्यावर टेकवून, मान खाली घालून, आणि त्या भांड्याकडे बघत राहिला. माणूस दुधाकडे इतकं बघतो का कधी? खिशात त्याचा फोन थरथरला, त्याने काढला नाही. कडेला बारीक बुडबुडे धरले. तिने स्वतः तापवताना ते कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात ती नेहमी डबा भरून घ्यायची.

"सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतो," तो भांड्यावरून नजर न काढता म्हणाला. "दोघंही जाऊ. फ्रिज बघायचा तर बघू देत." मग पाव चमचा चूर्ण त्याने घातलं, चार वेळा ढवळलं, भांडं उतरवलं. वर आलेली साय त्याने बोटाने ओढून काढली, बोट भाजलं, ते त्याने तोंडात घातलं आणि चवीने त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "बाप रे. हे पितेस तू? रोज?"

"रोज."

त्याने पेला तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. दोघांचीही बोटं गरम पेल्याला धरून राहिली. "आणि उमाला," तो म्हणाला, आणि थांबला. तिला वाटलं आता तो म्हणेल, मीच सोडत जाईन, आणि ती हो म्हणणार होती, मनापासून. "उमाला सोमवारी तू सोडशील?"

त्याचा आवाज पूर्ण खात्रीचा नव्हता. म्हणूनच कदाचित तिला तो खरा वाटला.

"सोडेन," ती म्हणाली. त्याने पेला सोडला.